पगारपत्रकातले २०० रुपये

फेब्रुवारीचा पगार झाला की आमच्या टीममध्ये दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका नव्या मुलाने विचारला. खराडीच्या आमच्या ऑफिसात लागून त्याला जेमतेम आठ महिने झालेत. स्क्रीनवर पगारपत्रक उघडं ठेवून मला म्हणाला, "सर, दर महिन्याला पी.टी.चे २०० कापतात, या वेळी ३०० कसे काय?"

मीही सिनियर माणसाला शोभेल अशा आवाजात सांगून टाकलं, "प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. राज्य सरकारचा असतो. वर्षाला जास्तीत जास्त २५०० रुपये घेता येतात. ११ महिने २०० प्रमाणे २२०० झाले, उरलेले ३०० फेब्रुवारीत. झाला हिशोब!"

हिशोब त्याला पटला. पण पोरगं हुशार आहे. पुढचा प्रश्न आलाच. "पण सर, घेतात कशासाठी?"

आता बघा, आम्हा आयटीवाल्यांना इन्कम टॅक्सबद्दल बोलू तेवढं थोडं. जुनी रिजीम की नवी, यावर कँटीनमध्ये तासच्या तास जातात. आणि हे २०० रुपये म्हणजे मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नलासुद्धा पुरायचे नाहीत! त्यामुळे त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नोकरीची पहिली काही वर्षं मीही बघितलं नव्हतं. पण त्यांची गोष्ट कळल्यापासून टीव्हीवर 'केंद्र विरुद्ध राज्य' अशी भांडणं लागली की मी ती जरा वेगळ्या नजरेने बघतो. म्हणून आज तीच गोष्ट. थोडी लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

गोष्ट सुरू होते ७२ च्या दुष्काळापासून. ज्यांच्या घरात त्या पिढीतलं कुणी आहे त्यांना 'बहात्तरचा' एवढं म्हटलं तरी पुरतं. खरं तर पाऊस १९७० पासूनच दगा देत होता, १९७२ साली सगळंच संपलं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, रस्ते करायचे, पाझर तलाव खणायचे. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तो लाल मिलो. माझी आजी आटपाडीच्या माळावर खडी फोडायला जायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी होती, आणि आम्ही नातवंडं तिला 'मिलोचं बोट' म्हणायचो.

दुष्काळी कामं देशात इंग्रजांच्या काळापासून निघत आली आहेत. पण ती सरकारच्या मर्जीवर. कलेक्टरने काम काढलं तर काढलं. महाराष्ट्रात एका माणसाच्या डोक्यात यापेक्षा वेगळी गोष्ट होती. वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते आणि मूळचे आमच्याच सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने एक छोटा प्रयोग झाला होता. कल्पना साधी होती. गावातला जो धडधाकट माणूस अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला सरकारने ते दिलंच पाहिजे. काम ही दया नाही, हक्क आहे. वसंतराव नाईकांच्या सरकारने १९७२ साली ही योजना राज्यासाठी स्वीकारली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने त्याचा रीतसर कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. हीच आपली रोजगार हमी योजना, लोकांच्या तोंडी 'रोहयो'.

आता हक्क दिला म्हणजे पैसे आलेच. ते कुठून आणायचे?

महाराष्ट्राने इथे जे केलं ते मला आजही थक्क करतं. त्यांनी दिल्लीच्या पैशाची वाट बघितली नाही. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला आणि शहरातल्या पगारदारांकडून, वकील-डॉक्टरांकडून, व्यापाऱ्यांकडून दर महिन्याला थोडे थोडे पैसे घ्यायला सुरुवात केली. सोबतीला विक्रीकरावर, मोटारींवर, जमीन महसुलावर थोडा जास्तीचा भार. बागायती जमिनीवर खास आकारणी. शहरातल्या बिगरनिवासी मिळकतींवर वेगळा कर. हे सगळं एका वेगळ्या निधीत टाकायचं आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. सदाशिव पेठेत माझ्या एका मित्राचा स्टेशनरीचा गाळा आहे. त्याच्या महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर 'रोजगार हमी कर' अशी एक ओळ असते. इतकी वर्षं तो ती भरतोय आणि कशाची ते त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं!

थोडक्यात काय, तर मुंबई-पुण्यातल्या कमावत्या माणसाने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या कामाची हमी घेतली. आणि कराचं नाव, कारण आणि पत्ता, तिन्ही गोष्टी कायद्यात लिहून ठेवल्या.

आता यात माझा काय संबंध? सांगतो.

मी तिसरी-चौथीत असताना, म्हणजे ८५-८६ च्या आसपास, आमच्याकडे पुन्हा पावसाने डोळे वटारले होते. वडील सांगलीला हमाली शोधायला गेले आणि आई गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर. आई आता पुण्यात आमच्याकडेच असते. मागे मी तिला माझं पगारपत्रक दाखवून सांगितलं, की आई, तू तलावावर माती टाकायचीस ना, त्याचे पैसे या अशा कापलेल्या पैशांतून यायचे. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "आरं, कुनाच्या पगारातनं कापत्यात ह्ये कुटं ठावं व्हतं आमास्नी? मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा. आमी म्हनायचो सरकार देतंय."

त्या मजुरीत माझ्या वह्या आल्या, चपला आल्या. पुण्यात कुठल्यातरी बँकेत, कुठल्यातरी कारखान्यात बसलेल्या एका माणसाच्या पगारातून महिन्याला काही रुपये जात होते आणि तो बहुधा कुरकुरतही असेल. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, मला त्याचं. आज त्याच्या जागी मी बसलोय. हा फेरा मला फार भारी वाटतो. असो.

आता मुद्द्यावर येतो. हे महाराष्ट्राला करता आलं कशामुळे?

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. एक केंद्राची, एक राज्यांची, एक दोघांची सामाईक. माझ्यासारख्याला सोप्या भाषेत सांगायचं तर ते सिस्टिमच्या परवानग्यांचं टेबल आहे, कोणत्या युजरला काय करायची मुभा आहे ते सांगणारं. संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे, इन्कम टॅक्स केंद्राकडे. पोलीस, आरोग्य, शेती, जमीन राज्याकडे. आणि राज्यांच्या यादीत ६० व्या क्रमांकावर एक छोटीशी नोंद आहे, धंदा-व्यवसाय-नोकरीवरचा कर. त्या एका ओळीचा हात धरून महाराष्ट्राने एवढा मोठा खटाटोप उभा केला.

आपल्याकडे केंद्र-राज्य संबंध म्हटलं की चर्चा राज्यपालांवर येते, नाहीतर 'दिल्लीपुढे महाराष्ट्र झुकणार नाही' वगैरे भाषणांवर. माझ्या मते संघराज्याचा खरा फायदा यापेक्षा साधा आणि मोठा आहे. एका राज्याला एखादी गोष्ट स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जोखमीवर करून बघता येते. जमली तर बाकीच्यांना घेता येते. फसली तर नुकसान एकाच राज्याचं होतं. आम्ही नवा कोड आधी एका वेगळ्या ब्रँचवर चालवून बघतो आणि मगच मुख्य सिस्टिममध्ये घेतो, तसंच हे. रोहयोची ब्रँच १९७२ साली निघाली आणि २००५ साली, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी, ती मुख्य सिस्टिममध्ये आली. त्या वर्षी संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली, २००८ पर्यंत देशातले सगळे ग्रामीण जिल्हे आले. २००९ साली महात्मा गांधींचं नाव लागलं. ती मनरेगा.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ महाराष्ट्राचे पोवाडे गायला बसलाय. तर थांबा, दुसरी बाजूही सांगतो.

महाराष्ट्राची रोहयो काही सोवळी नव्हती. मस्टरवर खोटी नावं चढली, मेलेली माणसं कामावर हजर झाली, मुकादमांनी आणि त्यांच्या वरच्यांनी हात धुऊन घेतले. आईला विचारा, मापात माती कमी धरून मजुरी कशी मारायचे ते ती अजून साभिनय सांगते. आणि हमी निधीच्या नावाने जमलेला पैसा सगळाच्या सगळा मजुरांपर्यंत गेला असंही नाही. निधीत मोठ्या रकमा पडून राहिल्याबद्दल राज्याला बोलणी खावी लागली. म्हणजे दिल्ली वाईट आणि मुंबई चांगली, एवढं सोपं गणित नाही हे.

दुसरी गोष्ट मला टीममधल्याच एका मुलाने शिकवली. तो बिहारमधल्या मधुबनीचा. ही सगळी कहाणी मी त्याला मोठ्या ऐटीत ऐकवली, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्याकडे मुंबई होती. आमच्याकडे कुठली होती?" मी गप्प. त्याचे काका दरवर्षी पंजाबात भातलावणीला जायचे, गावात मनरेगाचं काम निघायला लागल्यावर काही वर्षं ते घरीच थांबले. बिहारने १९७५ साली व्यवसाय कर लावला असता तर तो भरला असता कुणी? जिथे मजूर जास्त तिथे पगारदार कमी. ज्या राज्याला हमीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच खिशात सगळ्यात कमी पैसे. म्हणून केंद्र लागतं. प्रयोग राज्याने करावा, पण प्रयोग सिद्ध झाला की देशभर त्याचा विमा उतरवणं हे केंद्राचं काम. राज्यांचा अभिमान कितीही असला तरी हे मान्य करावं लागतं.

पुण्यात एक मेसेज नेहमी फिरत असतो, 'आम्ही एवढा कर देतो आणि आम्हाला मिळतं काय?' पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांना वाटायच्या केंद्रीय करांत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठेवला होता, बिहारचा १०.०५८ आणि उत्तर प्रदेशचा १७.९३९. आकडे खरे आहेत. पण आटपाडीचा माणूस या तक्रारीत सूर मिसळू शकत नाही हो! पुण्याने आटपाडीला दिलं तेव्हा ते बरोबर होतं आणि महाराष्ट्राने मधुबनीला दिलं की अन्याय, असं कसं चालेल?

माझी तक्रार वेगळी आहे. पैसे कुणी कुणाला दिले यापेक्षा, ठरवतं कोण आणि भरतं कोण, याची फारकत होत चालली आहे.

२००५ चा कायदा या बाबतीत फार विचार करून लिहिलेला होता. अंगमेहनतीची मजुरी पूर्ण केंद्राने द्यायची. साहित्याचा खर्च ७५ टक्के केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. पण मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारभत्ता मात्र राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचा. म्हणजे काम दिलं तर बिल दिल्लीला, नाही दिलं तर भुर्दंड राज्याला. गरीब राज्यालाही काम काढायला हुरूप येईल अशी ही मांडणी. आणि कुठल्या राज्याचा आपला कायदा निदान तेवढाच चांगला असेल, तर त्याने तो चालवावा, केंद्र आपल्या कायद्याने जेवढं दिलं असतं तेवढं देईल, अशीही सोय होती. महाराष्ट्राने तीच घेतली. आपला १९७७ चा कायदा ठेवला. कुटुंबामागे १०० दिवसांपर्यंत केंद्राचा पैसा, त्यापुढे कुणी काम मागितलं तर राज्याचा. व्यवसाय कर भरणाऱ्या पुणेकराचा संबंध त्यामुळे सुटला नाही.

पण पैसा वरून येतो तेव्हा त्याच्या पाठोपाठ चावीही वर जाते. मजुरीचा दर दिल्लीत ठरू लागला. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मनरेगा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला, तो ठरवला केंद्राने. पश्चिम बंगालची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. गैरव्यवहाराच्या तक्रारींवरून केंद्राने मार्च २०२२ मध्ये त्या राज्याचे मनरेगाचे पैसे थांबवले. गैरव्यवहार झालाही असेल, आटपाडीत झाला तर बंगालात का होणार नाही? पण शिक्षा कुणाला झाली? ज्यांनी खोटी मस्टरं भरली त्यांना, की ज्यांनी उन्हात माती उपसली त्यांना? काम पुन्हा सुरू करा असं कलकत्ता उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सांगितलं, त्याविरुद्धची केंद्राची याचिका ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तीन वर्षांहून जास्त काळ दोन सरकारं भांडत राहिली, आणि मजूर मधल्यामध्ये.

आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. नाव लांबलचक आहे, 'विकसित भारत - गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)'. त्यात १०० दिवसांचे १२५ दिवस झाले आहेत, हे चांगलंच. शेतीच्या ऐन हंगामात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामं थांबवता येतील असंही आहे. शेतकऱ्याला ते बरं वाटेल आणि मजुराला नाही. पण मूळ बदल खर्चाच्या वाटणीत आहे. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं वगळली, तर बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. शिवाय कुठल्या राज्याला वर्षाला किती पैसे हे केंद्र आधीच ठरवणार, त्या आकड्याच्या पुढे गेलं तर तो खर्च राज्याचा.

हे विधेयक मांडलं ग्रामविकास मंत्री शिवराजसिंह चौहान यांनी. योगायोग बघा, २०१५ साली केंद्रपुरस्कृत योजनांची फेररचना सुचवणारा मुख्यमंत्र्यांचा जो उपगट होता, त्याचे निमंत्रकही तेच होते, तेव्हा ते मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री. त्या फेररचनेत बऱ्याच योजना ६०:४० झाल्या, पण मनरेगा मात्र अगदी गाभ्यातल्या योजनांमध्ये ठेवून तिची जुनी वाटणी तशीच राहू दिली होती. दहा वर्षांनी तीही ६०:४० झाली.

केंद्राचं म्हणणं मी समजू शकतो. राज्याचा स्वतःचा पैसा अडकला की राज्य चोरीवर लक्ष ठेवील. फुकटच्या पैशाला कुणी राखण बसत नाही. यात तथ्य आहे, नाही असं नाही.

आमच्या नव्या मुलालाही हेच वाटलं. तो म्हणाला, "सर, पण महाराष्ट्र तर आधी १०० टक्के भरत होता ना? मग आता ४० टक्क्यांना का रडायचं?"

प्रश्न बिनतोड आहे. दोन दिवस मी त्यावर विचार करत होतो. माझं उत्तर असं.

तेव्हा महाराष्ट्र १०० टक्के भरत होता, पण ठरवतही तोच होता. कामं कुठली, दर काय, पैसे कुठल्या कराने उभे करायचे, सगळं. चुकलं तर लोकांनी धरायची मानगूटही एकच होती. आता नियम दिल्लीचे, आकडा दिल्लीचा, आणि ४० टक्के बिल मुंबईला, पाटण्याला, रांचीला. हॉटेलात ऑर्डर एकाने द्यायची आणि बिल दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवायचं, यातला प्रकार.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, १९७५ साली जे कर लावून निधी उभा केला तसे सगळेच्या सगळे कर राज्याला आज लावता येणार नाहीत. विक्रीकरावरचा जास्तीचा भार? १ जुलै २०१७ पासून विक्रीकर जीएसटीत गेला. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश आणि ठरावाला हवं तीनचतुर्थांश. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही होत नाही. एकट्या महाराष्ट्राला दुष्काळासाठी जीएसटी अर्ध्या टक्क्याने वाढवावासा वाटला तर तसं करता येत नाही. एक देश एक बाजार हवा तर हे सोडावं लागतं हे मला कळतं. व्यापारी मित्रांना विचारा, जकात नाक्यावरचे ट्रक त्यांना अजून स्वप्नात दिसतात. पण सोडलं ते काय सोडलं, याची जाणीव तरी असावी.

बरं, मग उरला आपला व्यवसाय कर. त्याची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात आहे. मुळात वर्षाला २५० रुपये होती, १९८८ साली घटनादुरुस्ती करून ती २५०० केली. तेव्हापासून ती तिथेच आहे! १९८८ चे २५०० आणि आजचे २५००, काही तुलना आहे? पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १८००० करावी असं सुचवलं होतं, मर्यादा हलली नाही. आणि ती हलवायचीच तर संसदेनेच हलवायची. केंद्राला स्वतःला मात्र उपकर आणि अधिभार लावायला असं कुंपण नाही, आणि त्यातून येणारा पैसा राज्यांत वाटण्याची सक्तीही नाही.

म्हणून माझ्या पिढीची गंमत बघा. ज्या एका ओळीच्या जोरावर एका राज्याने देशाला रोजगार हमी शिकवली, ती ओळ आजही माझ्या पगारपत्रकावर आहे. पण तिच्या जोरावर आज कुठलंच राज्य असं काही नव्याने करू शकणार नाही. पुढची कल्पना, मग ती शहरातल्या बेकारांसाठी असेल, उन्हाच्या लाटेत काम बंद पडणाऱ्या मजुरांसाठी असेल, आमच्यासारख्या एआयने नोकऱ्या जाण्याच्या भीतीत जगणाऱ्यांसाठी असेल, ती कुठल्या ब्रँचवर तपासायची? सगळ्यांना एकदम मुख्य सिस्टिममध्येच लिहायला लावलं तर काय होतं हे कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा :)

राज्यांनाही चार शब्द सुनवायला हवेत. १९७५ साली सरकारने शहरी माणसाच्या खिशात हात घातला, पण सांगून घातला. आता राज्य सरकारंसुद्धा योजना जाहीर करतात ती फ्लेक्सवर स्वतःचा फोटो लावून. पैसे कुणाकडून आणणार हे कुणी बोलत नाही. 'तुमच्याकडून घेतोय, यांना देतोय, कारण हे' असं तोंडावर सांगायची हिंमत पागेंच्या पिढीत होती. ती गमावण्याला दिल्ली जबाबदार नाही.

मला विचाराल तर माझ्या मागण्या साध्या आहेत. जो नियम करतो त्याने बिलाचा मोठा वाटा उचलावा, आणि बिल राज्याला द्यायचं असेल तर नियम करायची मुभाही द्यावी. गरीब राज्याला आणि श्रीमंत राज्याला एकच ४० टक्क्यांची पट्टी लावू नये. दुष्काळाच्या वर्षी ठरावीक आकड्याची अट शिथिल व्हावी, कारण नेमकं त्याच वर्षी मागणी वाढते आणि राज्याचं उत्पन्न घटतं. दुष्काळ काही बजेट बघून येत नाही. आणि व्यवसाय कराची मर्यादा वाढवायचीच असेल तर खुशाल वाढवा. मी महिन्याला २०० च्या जागी हजार भरीन. मोठ्या पगाराच्या आम्हा लोकांना ते जड नाही. फक्त त्या रकमेवर नाव आणि पत्ता असू द्या, १९७५ सारखा.

सोमवारी त्या मुलाला मी हे एवढं सगळं काही सांगितलं नाही, त्याची डेडलाइन होती. चहाच्या रांगेत एवढंच सांगितलं, "तू विचारलंस ना, कशासाठी घेतात? माझी आई मातीच्या कामावर होती, त्याची मजुरी त्यातून आली."

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मग सर, माझे ३०० कुणाकडे गेले?"

याचं उत्तर आज मला ठामपणे देता येत नाही. माझी खरी तक्रार हीच आहे.